ओल्विन पॅस्कोचा एसी

उन्हाळा तोंडावर आला की ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडच्या एका वीज कंपनीत सगळ्यांचे चेहरे चिंतेत दिसू लागत. दुखणं दरवर्षीचंच होतं. भर दुपारी घराघरांच्या छपरांवरच्या सौर पॅनेलांतून इतकी वीज येते, की ती कुठे घालावी कळत नाही. ऊन कललं, माणसं कामावरून घरी आली, सगळ्यांनी एकदम एसी लावले, की तीच वीज पुरेनाशी होते. वर्षातल्या अशा मोजक्या संध्याकाळींसाठी नवं वीजकेंद्र कोण बांधणार?

कंपनीतल्या केरिन शर्मरने यावर योजना आखली. ताणाच्या संध्याकाळी ग्राहकांच्या मोबाइलवर निरोप जायचा: थोडा वेळ वापर कमी करा. आपल्या नेहमीच्या वापरापेक्षा जितका कमी कराल, तितकी बिलात सूट. निरोपाची भाषाही तिचीच होती. ‘तुम्ही थोडं सोसा, शहर अंधारात जाणार नाही.’ वरिष्ठांना ते वाक्य फार आवडलं.

तिच्या वडिलांना तर त्याहून जास्त. मर्व शर्मर शहराच्या उत्तरेला, एलिझाबेथ नावाच्या उपनगरात राहत. मोटारींच्या कारखान्यात त्यांची हयात गेली. पुढे कारखाना बंद पडला, बायकोही गेली. उरलं होतं एक बुटकं विटांचं घर आणि लेकीचा अभिमान. गल्लीत भेटेल त्याला ते सांगत, की ते वाक्य आमच्या केरिनचं.

समोरच्या घरात ओल्विन पॅस्को राहायची. जन्मभर शाळेच्या कँटीनमध्ये पोरांना खाऊ वाढलेली, जिभेची तिखट, आता डोळ्यांनी अधू, हृदयाच्या गोळ्यांवर जगणारी. केरिन लहान असताना आई कामावर जायची, त्यामुळे ती ओल्विनच्याच स्वयंपाकघरात वाढली होती.

जानेवारीत, म्हणजे तिकडच्या भर उन्हाळ्यात, उष्णतेची लाट आली. रस्त्याचं डांबर बुटांना चिकटू लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी कंपनीने निरोप सोडला आणि संध्याकाळी ऑफिसातल्या पडद्यावरची विजेच्या मागणीची रेघ चढता चढता थबकली, मग खाली वळली. दिवे गेले नाहीत. ऑफिसात टाळ्या वाजल्या. केरिन टेकडीवरच्या आपल्या घरी गेली. तिथे भिंतीवर दुपारची वीज साठवणारी बॅटरी होती. त्या वेळात सगळं घर बॅटरीवर चाललं, खोल्या गार राहिल्या, वर सूटही जमा झाली. तिला छान झोप लागली.

सकाळी वडिलांचा फोन आला. ओल्विन गेली होती.

केरिन पोचली तेव्हा मर्व ओसरीवरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. वय झालं होतं तिचं, हृदय आधीच कमकुवत होतं, असं काहीबाही केरिन बोलत राहिली. मर्वनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

“तिचा एसी मी बंद केला, केरिन.”

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. निरोप आला तसा त्यांनी स्वतःचा एसी बंद केला. समोरच्या खिडकीतलं यंत्र घरघरतच होतं. ते रस्ता ओलांडून गेले, ओल्विनला निरोप वाचून दाखवला. ती म्हणाली, “शहर माझ्याच खिडकीला टांगलंय होय रे, मर्व?” त्यांनी हट्ट धरला. माझ्या पोरीची योजना आहे, तेवढा मान राख, म्हणाले. ती हसली. “कर बाबा बंद. तुझ्या राजकन्येपुढे आम्ही कोण?” ती पलंगावर आडवी झाली. वेळ संपली की लाव, असं बजावून ते परत आले. ती पुन्हा उठलीच नसावी.

“पण बाबा, सक्ती नव्हती,” केरिन म्हणाली. “आजारी माणसांनी बंद करू नये, असं दिलंय त्यात. निरोपातली लिंक उघडली की दिसतं.”

“तिला निरोपच दिसत नव्हता, पोरी. तिला मी दिसलो.”

मग मर्वनी विचारलं, “काल तुझा एसी बंद होता?”

“आमच्याकडे बॅटरी आहे.”

“म्हणजे तू गारव्यात बसलीस आणि सूट तुलाच.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच तिला जास्त लागलं. “दहा यंत्रं चालवणाऱ्याने आठ बंद केली, की तुमच्या हिशेबात तो मोठा दाता. ओल्विन जन्मभर जपून वापरत आली. तिच्याकडे सोडायला काय होतं? एक एसी. आणि तो तिने सोडला. तुम्ही मागता सगळ्यांकडे सारखंच, पण सोसतं कोण, हे कधी जाऊन पाहिलंस?”

केरिन अपराध्यासारखी उभी राहिली. आपण आखलेल्या योजनेत माणूस कुठेच नव्हता, होती ती फक्त खाली वळणारी रेघ!

अंत्यविधीनंतर ती वरिष्ठांपुढे उभी राहिली. उन्हाळ्यात म्हातारी माणसं मरतातच, असं तिला ऐकवण्यात आलं. ती हटली नाही. भांडली, एकटी पडली, बढती हुकली. अखेर पुढच्या उन्हाळ्याआधी योजना बदलली. ताण आला की आधी मॉल आणि ऑफिसच्या इमारती आपला गारवा थोडा कमी करू लागल्या. पोहण्याच्या तलावांचे पंप आणि विजेच्या गाड्यांचं चार्जिंग आपोआप थांबू लागलं. घरातल्या गरम पाण्याच्या टाक्या संध्याकाळऐवजी भर दुपारच्या उन्हातल्या विजेवर तापू लागल्या. श्रीमंत घरांच्या बॅटऱ्यांतली वीज शेजारच्या वस्तीला जाऊ लागली. आजारी आणि वृद्धांना उलटा फोन जाऊ लागला: एसी बंद करू नका.

कंपनीने त्याची झकपक जाहिरात केली. आम्हाला तुमची काळजी, असं तिच्यात म्हटलं होतं. ओल्विनचं नाव कुठेच नव्हतं. जाहिरात लागली की मर्व टीव्ही बंद करत. लेकीवर ते रागावले नाहीत, पण गल्लीत तिचं कौतुक सांगणं त्यांनी कायमचं थांबवलं, आणि समोरच्या खिडकीकडे पाठ करून बसायची सवय लावून घेतली.

नागरिकहो, वीज वाचवावी, जरूर वाचवावी. ती सगळ्यांची आहे. पण त्याग मागायचा असेल, तर ज्याच्या घरी भरपूर आहे त्याचं दार आधी ठोठावावं. गरीब आणि दुबळी माणसं चटकन ‘हो’ म्हणतात, कारण नकार द्यायची त्यांना कुणी सवयच लावलेली नसते. त्यांच्या त्या होकारावर जे शहर उजळतं, त्याने स्वतःला शहाणं म्हणवून घेऊ नये.