वानरानं लावलेलं घड्याळ

"पैजेवर सांगतो, ह्यावर कुणाचाच इस्वास बसायचा न्हाय," मी बशी खाली ठेवत म्हणालो, आणि शिवप्पाच्या हॉटेलातली सगळी तोंडं माझ्याकडं वळली. माझी थाप ऐकायला परंड्यातली माणसं चहा गार होऊ देतात. हे मी स्वतः सांगू नये, पण सांगतो.

त्या दिवशी मात्र मला घाई होती. कोपऱ्यातल्या बाकड्यावर उत्तरेश्वर बसला होता. दूध संस्थेचा कॉम्प्युटर सांभाळणारा, जन्मात कुणाला उलट न बोललेला माणूस. त्यातल्या जनावरांच्या नोंदी पुसल्या गेल्या तेव्हापासून तो हॉटेलाकडं फिरकला नव्हता. मीच दंडाला धरून आणला होता. आणि चहा येतोय न येतोय, तोच दारात प्रेमाबाई, संस्थेत दूध घालून आलेली, हातात रिकामी किटली.

"बसा की निवांत, उत्तरेश्वरभाऊ," ती म्हणाली. "माझी गाय माजावर आलीय. कोणत्या वळूची लेक हाय ते तुमचा कॉम्प्युटर सांगंना. डॉक्टर म्हनतोय, नोंद बघूनच रेत भरू. आता बापच नवरा झाला म्हंजी?"

कुणीतरी फिसकन हसलं. उत्तरेश्वरची मान इतकी खाली गेली की कपाळ कपाला लागायचं राहिलं.

म्हणूनच मी बशी खाली ठेवली आणि वानर सोडलं.

"त्येची काय चूक, प्रेमाबाई? किल्ल्यातलं वानर व्हतं ते. शेपटी अशी, की मोठ्या तोफंला दोन येढे घालून उरंल."

"वानराला कॉम्प्युटर कळतो व्हय, आबा?" शिवप्पानं विचारलं.

"तुझ्यापरीस ज्यादा. ऐक. मशीन रोज सांजंला नोंदींची नक्कल काढून ठिवतं. बॅकअप म्हनत्यात. पंधरा दिसांहून जुनी नक्कल आपोआप पुसतं, जागा ऱ्हावी म्हनून. पन पुसनंच बंद पडलं. का? आतल्या घड्याळाचा सेल मेलेला. लाईट गेली की घड्याळ दोन हजार नऊ सालात जाऊन बसायचं. नक्कल नऊ सालची, अन् मशीनचा आजचा दिवसबी नऊ सालचाच. मग जुनं व्हनार काय, कपाळ? नकला साचल्या, जागा भरली, अन् मूळ नोंदी बिघडल्या."

"मग नकलंवरून परत घ्यायच्या."

"त्येलाच आधी जागा करायची व्हती. तवर वानरानं खिडकीतनं हात घातला. जुना सेल पेपरमिट समजून चघळला, थुकला. टेबलावरचा नवा बसवला. घड्याळात आजची तारीख लावली."

"वानरानं?"

"चष्मा लावून!"

हॉटेल खदखदलं.

"अन् पुसायचं बटन दाबलं. मशीननं बघितलं, आज कुठलं साल, नकला कुठल्या सालच्या! सगळ्याच जुन्या. एका दमात साफ."

प्रेमाबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत होती. जमलं, असं मला वाटलं. उद्यापासून लोक वानराला शिव्या घालतील आणि हा माणूस मान वर करून चहा पिईल.

"अन् उत्तरेश्वरभाऊ कुठं व्हते तवा?" पदराआडून तिनं विचारलं.

"त्यो? त्यो बार्शीला. दाढ काढायला गेल्ता."

उत्तरेश्वरनं कप खाली ठेवला आणि तो उठला. निघाला, असंच सगळ्यांना वाटलं. शिवप्पानं वाटेतलं स्टूल बाजूला ओढला. पण तो दाराकडं गेला नाही. प्रेमाबाईपुढं जाऊन उभा राहिला.

"आबा खोटं बोलत्यात," तो म्हणाला. आवाज बारीक होता, तरी हॉटेलभर ऐकू गेला. "माझ्या समद्या दाढा जाग्यावर हायेत. सेल म्याच बसवला. बिघाड सापडला म्हनून लई खूश व्हतो. त्या खुशीत नकलांच्या तारखा बघितल्या न्हायत. तुमच्या गाईची आई, आजी, बाप, म्याच पुसलं, प्रेमाबाई. वानर न्हवतं."