आजीसमोरचं इंग्रजी

सोपान सरांनी हातावरची खडूची पूड झटकली आणि पुन्हा सांगितलं, "घरी कानावर पडलेला एक इंग्रजी शब्द. चुकला तरी चालेल."

सणसर गावच्या शाळेच्या एका खोलीत रविवारी त्यांचा इंग्रजीचा वर्ग भरे. आयुष्य ग्रंथालयात गेलेलं. मुलांच्या डोळ्यांत बघून बोलणं त्यांना अजून जमत नसे. शब्दांचा विषय काढला की मुलं आपणहून बोलू लागतील, एवढीच आशा, आणि तीही डळमळीत.

"ट्रॅक्टर!" सिद्धू ओरडला.

"सायलेन्सर," दिग्विजय म्हणाला. "सिद्ध्याच्या पप्पांच्या गाडीला न्हाय त्यो."

हशा पिकला. सरांनी दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले. मग सुकन्या उठली.

"पॅलिएटिव्ह," ती म्हणाली, काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तशी, जपून.

सरांचा खडू थांबला.

"कुठं ऐकलास?"

"घरी. आजी समोर असली की बाबा आन् काका इंग्रजी शब्द घालून बोलत्यात. बारामतीच्या दवाखान्यातनं आजीला आणल्यापासनं. म्हणून तर आजीनं मला हितं घातलं. म्हणली, त्ये काय बोलत्यात ते मला येऊन सांग."

"गुप्तहेर!" सिद्धू म्हणाला. या वेळी कुणी फारसं हसलं नाही.

सरांनी तो शब्द फळ्यावर लिहिला नाही. वर्ग लवकर सोडला. सुकन्या मात्र भिंतीला टेकून उभीच राहिली.

"दुखणं कमी करायचे उपचार," सर फळ्याकडे बघत म्हणाले. "त्रास होऊ नये म्हणून."

"मंग आजार जातो?"

"त्रास कमी होतो."

"जातो का, सर?"

सर डस्टर शोधू लागले. ते त्यांच्या हातातच होतं. मग त्यांनी मान हलवली. नाही.

सुकन्यानं दप्तर उचललं. बाहेर पायरीवर तिची आजी, साखरबाई, बसल्या होत्या. लुगडं आता त्यांना फार मोठं झालं होतं. एवढं चालून आल्याचा दम अजून बसला नव्हता.

"कळलं का गं?"

"व्हय." सुकन्या त्यांच्या शेजारी टेकली. "ताकदीचं औषध असतंय. दिवाळीपतुर तू पयल्यासारखी हिंडाय लागशील म्हणं."

"सर म्हणलं?"

"व्हय. सरच म्हणलं."

साखरबाईंनी वळून दाराकडे पाहिलं. सर तिथं येऊन उभे होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. कोणत्या भाषेत, ते सुचेना. त्यांनी नजर खाली वळवली.

साखरबाईंना ते दिसलं. मग नातीच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू उठल्या.

"पोरगी हुशार हाय, सर," त्या म्हणाल्या. "एवढ्यातच बापासारखी बोलाय लागली."