सात पायांचे कोळी

“मालन अम्मा, आज बोट कुठंय?”

चपला काढून झाल्या होत्या, पाण्याच्या बाटल्या टोपलीत पडल्या होत्या आणि आठ-दहा पोरं मालनबाईच्या डाव्या हाताला लोंबकळत होती. त्या हाताला करंगळी नव्हती. करंगळीच्या जागी एक गुळगुळीत टेंगूळ होतं, आणि रोज सकाळी त्या टेंगळाला दोन-चार लहान बोटं लागल्याशिवाय कुकटपल्लीतलं ते प्लेस्कूल सुरू होत नव्हतं.

मालनबाईनं आधी वर कॅमेऱ्याकडं बघितलं. कॅमेरा सगळं बघायचा, फक्त चपलांच्या कपाटामागचा कोपरा सोडून. हे शाळेत दोघांनाच माहीत होतं. एक कॅमेरा बसवणारा, दुसरी मालनबाई. तिनं पोरांना त्या कोपऱ्यात ओढलं आणि तळहात डोळ्यांसमोर धरला, जसा काही त्यावर पत्ता लिहिलाय.

“आज व्हय? आज सिकंदराबादला गेलंय. टेशनात. तिकिटाच्या लायनीत उभं राहिलंय बिचारं. म्होरं एक अंगठा हाय, हा एवढा जाड! हलाय तयार न्हाई.”

पोरं खिदळली. काल तेच बोट बेगम बाजारात चिंचेच्या पोत्यात झोपून घोरत होतं. परवा लग्नाला गेलं होतं, अंगठी घालून.

“मावशी, प्लीज!” ऋचा टीचर धावत आली. पंचविशीची पोरगी, नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याहून आलेली. मनानं बरी, पण भित्री. मंगळवारी तिच्या खुर्चीवर केसाळ तारेचा कोळी ठेवला तर अख्खा वर्ग डोक्यावर घेऊन किंचाळली होती, आणि तो ठेवला कुणी हे तिला अजून कळलेलं नव्हतं. “मॅडमनी काय सांगितलंय? उद्याच एक्झिबिशन आहे हो.”

“कुठं काय, टीचर? चपला लावाय लागलेय.”

मॅडमनी सोमवारी सांगितलं होतं. हर्षवर्धन नावाच्या पोरानं घरी जेवताना करंगळी मुठीत दाबून धरली, बोट बाहेरगावी गेलंय म्हणाला, आणि ते परत आल्याशिवाय जेवणार नाही म्हणून हटून बसला. त्याच्या आईनं पालकांच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. मग शाळा चालवणाऱ्या योगिनी मॅडमनी मालनबाईला ऑफिसात बोलावून, एसी लावून, गोड आवाजात सांगितलं, “मालनबाई, तो हात मुलांसमोर जरा कमी आणायचा. आणि त्या गोष्टी बंद. शुक्रवारपर्यंत अजून एक तक्रार आली, तर माझे हात बांधलेले आहेत. तुम्ही समजून घ्या.”

मालनबाईनं समजून घेतलं. ‘समजून घ्या’ म्हणणाऱ्यांचं सगळं आधीच ठरलेलं असतं, एवढं छप्पन्न वर्षांत तिला समजलं होतं.

हा आठवडा कोळ्याचा होता. सोमवारी कागदी प्लेटचे कोळी झाले, मंगळवारी अंड्यांच्या ट्रेचे. बुधवारी भिंतींच्या कोपऱ्यांत कापूस ताणून जाळी लावली. त्याआधी मॅडम म्हणाल्या, “वरची ती घाणेरडी जळमटं काढून घ्या, पालक येणार आहेत.” म्हणजे खऱ्या कोळ्याला झाडू आणि खोट्याला सेलोटेप. मालनबाईनं सगळी जाळी झाडली, एक सोडली, पाण्याच्या फिल्टरमागची. तिथल्या लंबुळ्या कोळ्याला दम दिला, “गप पडून राहा बाबा शुक्रवारपर्यंत. तुजी तक्रार आली न्, तर माजेबी हात बांधलेले हायत.”

आज गुरुवार, आणि आज हातांचे ठसे. दोन्ही तळवे काळ्या रंगात बुडवायचे, अंगठे आत घ्यायचे, आणि एका तळव्याच्या ठशावर दुसऱ्याचा येईल असे, बोटं दोन बाजूंना करून, कागदावर दाबायचे. एका बाजूला चार बोटं, दुसऱ्या बाजूला चार. झाला आठ पायांचा कोळी. वर डोळे चिकटवायचे. बावीस पोरांचे बावीस कोळी उद्या दोरीवर लटकणार होते आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी लागणार होती, ‘कोळ्याला आठ पाय असतात’.

रंग ताटलीत ओतला आणि तेवढ्यात मॅडमनी ऋचाला पाटी बघायला आत बोलावलं.

“मावशी, पाच मिनिटं. तुम्ही एक ठसा काढून दाखवा मुलांना, म्हणजे कळेल. मग एकेकाचं घ्या.”

मालनबाईनं दाखवला. खरं सांगायचं तर तिच्या डोक्यातच आलं नाही. हात रंगात घातले, कागदावर दाबले, उचलले. पोरं गुडघ्यांवर रांगत कागदाभोवती जमली आणि निम्मी तेलुगूत, निम्मी इंग्रजीत मोजायला लागली. ओकटी, टू, मूडु, फोर. शेवटी सगळ्यांचा मेळ एकाच ठिकाणी बसला.

“एडु!”

“सेव्हन!”

“सात,” मृण्मयी म्हणाली. दोन वेण्यांची, चार वर्षांची, वर्गात सगळ्यांचं नाक पुसणारी. “अम्मा, आठवा पाय कुठंय?”

मग हर्षवर्धननंच बोंब ठोकली, “सिकंदराबादला!”

आणि वर्गात जे हसू फुटलं त्यानं कॅमेऱ्याचीसुद्धा काच हलली असेल. पोरं कागदाभोवती लोळायला लागली. मृण्मयी मात्र हसली नाही. तिनं डाव्या हाताची करंगळी उजव्या हातानं धरली, तळव्यात दाबली, आणि तो हात मालनबाईसमोर धरला. “मला अम्माचा कोळी करायचाय.”

मग सगळ्यांनाच अम्माचा कोळी करायचा होता.

तोंडावर ‘नक्को रे’ आलं होतं. ते तिथंच राहिलं. त्या करंगळीसाठी आजवर कुणी मान वळवून बघितलं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी याच कुकटपल्लीच्या मागं, केकची खोकी कापणाऱ्या एका कारखान्यात, मशीन खाली आलं आणि बोट गेलं, तेव्हा सुपरवायझर आधी मशीनकडं धावला होता. पट्ट्यात काही अडकलं का ते बघायला. हाताला फडकं बांधून तिला रिक्षात घातलं. बोट कुणी शोधलं नाही. ते पुठ्ठ्याच्या कातरणात मिसळून कातरणाबरोबर कुठं गेलं, हे तिला आजवर ठाऊक नाही. नवऱ्यानं, एकनाथरावानं, त्या दिवशी पट्टी बघितली, “बरं,” म्हणाला, आणि पुन्हा कधी त्या हाताकडं बघितलं नाही. नंतर या शाळेत लागली आणि पहिल्याच दिवशी एका पोरानं विचारलं, बोट कुठंय? तिला खरंच माहीत नव्हतं. म्हणून तिनं सांगितलं, बाजारात गेलंय.

तिनं ताटली पुढं सरकवली. “या. एकेक या.”

आता लहान पोरांना एकटी करंगळी दुमडता येत नाही, शेजारचं बोटही हट्टानं तिच्यासोबत जातं. मृण्मयी प्रत्येकाचं बोट धरून बसवत होती, तरी काही कोळी सहा पायांवर आले. रोहन नावाच्या गुबगुबीत पोराचा तर पाचावरच आटोपला. पण प्रत्येकजण उठताना टाळी मागत होता. काळ्या हातांनी, करंगळी आत दाबून.

ऋचा परत आली ती पोरं हात धुऊन घरी जायच्या वेळी. तिनं दोरीवर टांगलेल्या ओल्या कागदांवरचे पाय मोजले, पुन्हा मोजले आणि तिचा चेहरा पडला.

“मावशी, हे काय?”

मग मॅडम आल्या. त्यांनी मोजले नाहीत. त्या एक कागद बोटानं वळवून म्हणाल्या, “वर लिहिलंय आठ, खाली सात. उद्या हर्षवर्धनच्या आईनं विचारलं तर मी काय सांगू?”

उत्तर मालनबाईच्या जिभेवर तयार होतं, तिकिटाच्या लायनीतलं. ती जीभ तिनं दातांखाली धरली.

“मुलं घरी गेली आहेत,” मॅडम म्हणाल्या. “दुरुस्त करा. आजच.”

ऋचानं ब्रश आणला, कोऱ्या कागदावर एक पाय रंगवून बघितला. “ब्रशचा आहे ते कळतंय, मॅम. बोटाचाच हवा.” आणि दोघीही मालनबाईच्या उजव्या हाताकडं बघायला लागल्या.

पंधरा सातपायी, सहा सहापायी, एक पाचपायी. मालनबाई दुपारभर फरशीवर बसली होती. उजवी करंगळी रंगात बुडवायची, कागदावर टेकवायची, उचलायची. तिच्या बोटाला भेगा होत्या, त्या कागदावर उमटत होत्या. पोरांच्या नाजूक पायांशेजारी तो एकेक पाय जाड, म्हातारा दिसत होता. तिसावा पाय टेकवून झाला तेव्हा तिनं हात धुतला. रंग भेगांतून निघाला नाही.

शुक्रवारी पालक आले. दोरीखाली उभं राहून फोटो झाले. हर्षवर्धनच्या आईनं पोराच्या कोळ्याचे पाय बोट लावून मोजले आणि खूश होऊन मान हलवली. “किती नीट आलेत ना ठसे!” मालनबाई सरबताचे पेले देत होती. डावा हात पदराखाली होता.

“हा माझा नाही,” मृण्मयी म्हणाली.

तिची आई माधवी वाकली. “तुझाच आहे, मनू. नाव बघ, मृ-ण्म-यी.”

“मी सात केले होते. अम्मासारखे. हा कुणी चिकटवला?” आणि ती टाचा उंचावून नखानं तो आठवा पाय खरवडायला लागली. कागद टरकला. “हा नकोय! हा काढ!”

माधवीनं तिचा हात धरला. तिची नजर मालनबाईच्या पदराकडं गेली, तिथून उजव्या करंगळीच्या काळ्या भेगांवर आली आणि थांबली. तिला कळलं होतं. मालनबाई वाट बघत राहिली, आता ही काहीतरी बोलेल म्हणून. माधवी तिच्याकडं बघून हसली, अगदी चांगल्या घरातलं हसू, आणि पोरीला म्हणाली, “चल, तिकडं पेपर प्लेटचे बघू.”

तक्रार आली नाही. ग्रुपवर बदाम आले, टाळ्या आल्या.

“बघा,” मॅडम संध्याकाळी म्हणाल्या, “झालं ना सगळं छान? तुम्ही राहताय.”

“हौ, मॅडम.”

सोमवारी हातमोजे आले. पांढरे, सुती, दोन जोड. “हायजीनसाठी,” मॅडम म्हणाल्या, “दुसरं काही नाही.” मालनबाईनं ते घातले. डाव्या मोज्याची करंगळी रिकामी लोंबायला लागली. ऋचाला ते बघवेना. तिनं कोपऱ्यातल्या जाळ्याचा कापूस ओढून काढला, पेन्सिलीच्या टोकानं त्या बोटात ठासून भरला आणि दाबून दाबून सरळ केला.

“आता कळणारसुद्धा नाही, मावशी,” ती म्हणाली. तिच्या मनात खरंच चांगलंच होतं.

साडेनऊला पोरं आली. चपला उडाल्या.

“बोट आलं!” हर्षवर्धन ओरडला. “अम्मा, बोट आलं! ट्रेननं आलं?”

सगळी धावली. मालनबाईनं सवयीनं त्यांना कपाटामागच्या कोपऱ्यात घेतलं. कॅमेरा तिथं अजूनही बघत नव्हता. बावीस तोंडं वर झाली होती. मृण्मयीनं पुढं होऊन ते बोट मुठीत धरलं. रोज ती रिकामी जागा धरायची तसंच. एकदा दाबलं. पुन्हा दाबलं.

“कापूस आहे,” तिनं सगळ्यांना सांगितलं.

पोरं मालनबाईच्या तोंडाकडं बघत राहिली. तिनं तोंड उघडलं. बेगम बाजार आठवला, स्टेशन आठवलं, लग्न आठवलं.

“चला,” ती म्हणाली, “रांग करा.”

मृण्मयीनं बोट सोडलं आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

दुपारी पोरं गेल्यावर मालनबाईनं मोजे धुतले. कोळी घरोघरी गेले होते, दोरी रिकामी होती. तिनं त्याच चिमट्यांनी मोजे टांगले आणि फरशी पुसायला घेतली. ऊन कडक होतं. उजवा मोजा वाळला, डाव्याचा पंजा वाळला, अंगठा वाळला, तीन बोटं वाळली. पुसलेल्या फरशीवर एका बोटातून मात्र पाणी ठिबकत होतं. ती ते पुसायची, पोछा पिळून येईपर्यंत तिथं दुसरा थेंब पडलेला असायचा.