लेकींना पाठवणारी गिटार

"ऑर्केस्ट्रा कलाकार? माह्या बापाले नुसतं ऑर्केस्ट्रा कलाकार म्हणता?" सबीहा फोनवर एवढ्या जोरात कडाडली, की दर्यापूरच्या तिच्या शिवणाच्या दुकानात ब्लाउजचं माप द्यायला उभी असलेली बाई चपापून मागं सरकली.

पलीकडे अमरावतीचा ईशान होता. पोरगा गुणी, स्वतः गिटार वाजवणारा. अकोल्याचे बद्रुद्दीनभाई, म्हणजे सबीहाचे अब्बा, गेल्याचं कळल्यावर त्यानंच आपल्या संगीत मंडळात विषय काढला होता, की त्यांच्या आठवणीत एक संध्याकाळ करू. मंडळानं होकार दिला, पण घोडं अडलं फ्लेक्सवर. ईशानला लिहायचं होतं 'ब्लूज गिटारवादक बद्रुद्दीन'. मंडळाचे अध्यक्ष कमलाकांत सर म्हणाले, लग्नांत सिनेमाची गाणी वाजवणारा माणूस ब्लूजवाला कसा? आधी ऐकवा, मग लिहू; तोवर नुसतं 'ऑर्केस्ट्रा कलाकार' पुरे. रविवारी ते स्वतः अकोल्याला येणार होते.

"या म्हणा," सबीहा म्हणाली. "कान धुऊन या म्हणा."

म्हणाली खरी, पण ऐकवणार काय, कपाळ? बद्रुद्दीनभाईंनी जन्मात आपलं वाजवणं कधी भरून ठेवलं नव्हतं. जिनिंग फॅक्टरीत फिटर होते ते. मशीन बसवायला आलेल्या एका परदेशी इंजिनिअरनं जाताना त्यांना एक कॅसेट देऊन टाकली. गाणारा कोण, म्हणतो काय, काही कळेना, पण तो आवाज त्यांच्या काळजात जाऊन बसला. मशीनचा एक पितळी बुश, म्हणजे छोटी पोकळ नळी, बोटात घालून, तो तारेवरून घसरवत, ते गिटारवर तो आवाज शोधत राहिले. ही ब्लूजची गाणी अमेरिकेत कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसांची, हे फार पुढं कुणीतरी सांगितलं तेव्हा ते हसले होते. "मंग बराबर आहे. आपल्या गावाले हे समजणार नाई, तं कोणाले समजीन?"

आणि समजलंच होतं की गावाला! लग्नात ऑर्केस्ट्रा सिनेमाची गाणी वाजवायचा, त्यात तेही वाजवायचे. पोट कुणाला सुटलंय? पण नवरी निघाली की बाकीचे वादक हात आवरते घ्यायचे आणि एकटी गिटार सुरू व्हायची. जुन्या शहरात लग्न हिंदूचं असो की मुसलमानाचं, बद्रुद्दीनभाईंची बिदाई झाल्याशिवाय नवरीची गाडी हलत नसे. मिशांना पीळ देऊन फिरणारे मामे-काके रुमाल शोधायचे. असा होता सबीहाचा बाप! त्याला फ्लेक्सच्या कोपऱ्यात दोन शब्दांत गुंडाळतात म्हणजे काय?

लग्नांच्या व्हिडिओ कॅसेट असतीलच, असं तिला वाटलं. शनिवारी ती अकोल्याला आली, अब्बांचं बंद घर उघडलं आणि शेजारच्या बिस्मिल्लाबींना घेऊन गल्लीबोळ पालथे घातले. बिस्मिल्लाबी अब्बांच्याच वयाच्या. तोंडानं फटकळ, पण त्यांना नाही म्हणायची गल्लीत कुणाची टाप नव्हती. लोकांनी कपाटं उपसून, कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या सीड्या काढून दिल्या. दोघी पाहायला बसल्या. नवरी निघाली. अब्बा दिसले, तरणेबांड, मान तिरकी, बोटात पितळ चमकतंय. आणि आवाज? सिनेमातलं रडकं गाणं! दुसरी सीडी लावली, तेच. तिसरी, तेच. शूटिंगवाल्यांनी मिक्सिंग करताना बिदाईचा मूळ आवाज पुसून वर सिनेमाचं गाणं चढवलं होतं. हौसेनं, बरं का! आणि घरोघरी त्यांची वाहवा झाली होती.

"आग लागो त्या मिक्सिंगले," बिस्मिल्लाबी म्हणाल्या.

सबीहाला रडूच कोसळलं. बाप समोर वाजवत होता आणि ऐकू येत नव्हता.

"रडून काय होते? मी बायाईले बोलावतो. ज्याईले त्यानं सासरी पाठवलं, त्याईच्या कानात तं आहे ना!"

रविवारी अब्बांच्या बैठकीत पाय ठेवायला जागा उरली नाही. गावातच दिलेल्या आल्या, माहेरपणाला आलेल्या आल्या, नातवंडं कडेवर घेऊन आल्या. ईशानबरोबर आलेल्या कमलाकांत सरांनी सगळ्यांना अदबीनं नमस्कार केला. माणूस वाईट नव्हता, फक्त ऐकल्याशिवाय मानणारा नव्हता. सबीहानं टीव्हीचा आवाज बंद करून एक सीडी लावली आणि अब्बांचे हात पाहत पाहत ईशान वाजवू लागला.

जरा कुठं सूर लागतोय, तोच पौर्णिमा नावाची शिक्षिका उठून उभी राहिली. "असं नाई. इथं ते वर जात अन् वरच लटकून राहत. मले चांगलं आठवते."

ईशान वर गेला.

"काहीतरीच!" मागून दीपमाला ओरडली. तिचं किराणा दुकान होतं आणि आवाजही दुकानातलाच. "इथं ते खाली येत. एकेक पायरी उतरल्यावाणी."

"माह्या लग्नात वरच गेले होते."

"तू शुद्धीवर होती काय तुह्या लग्नात? रडून रडून डोळे सुजले होते तुहे!"

हशा पिकला, पण भांडण काही मिटेना. तिसरीचं तिसरंच, चौथीचं चौथंच. ईशान बिचारा घामाघूम. सबीहानं कपाळावर हात मारला. झालं, केलं वाटोळं या बायांनी!

"म्हणजे ठरलेली अशी काही गत नव्हतीच," कमलाकांत सर हळूच म्हणाले. "त्या वेळी हाताला येईल ते?"

"हाताला येईल ते काहून?" बिस्मिल्लाबी कडाडल्या. "लग्नाच्या आदल्या दिवशी तो नवरीच्या घरी जाये. ओट्यावर बसून चहा पिये, अन् पोरीले विचारे, बेटा, मांगं काय सुटून राहिलं? ह्या पौर्णिमानं सांगितलं, आंब्याचं झाड. दिवसभर त्याच्यावरच राहे हे पोट्टी. म्हणून हिची गत वर लटकते. दीपमालाचा आजा आंधळा, त्याले हात धरून हे रोज नदीवर उतरवे. म्हणून हिची पायरी पायरीनं उतरते. माह्या लेकीनं सांगितलं, बकरी. तं त्यानं गिटारातून बकरी काढली, साहेब! पोट्टी रडता रडता हसत गेली सासरी."

पौर्णिमा खाली बसली. "मले वाटे, सगळ्याईले तेच वाजवत," ती म्हणाली. दीपमालानं तिच्या पाठीवर हात ठेवला.

सरांनी ईशानकडे पाहिलं. "आणि सुरांखालचा ठेका?"

"सगळ्यांचा एकच आहे, सर. सुरांवरून भांडण झालं, ठेक्यावर कुणीच हरकत घेतली नाही. चौकट पक्की ब्लूजची. आतलं तेवढं ज्याचं त्याचं."

"मग अजून ब्लूज म्हणजे काय असतं?" सरांचा आवाज बदलला होता. "आयुष्यभर रेकॉर्डी ऐकल्या मी. पण दारी जाऊन दुसऱ्याचं दुःख विचारून घेणारा वादक नाही ऐकला. ईशान, तू म्हणतोस तेच लिहायचं."

"मोठ्या अक्षरात," सबीहा म्हणाली. "बारीक अक्षरात लिहिलं तं फाडून टाकीन."

सर मनापासून हसले. मग म्हणाले, "तुम्ही काय सांगितलं होतं त्यांना? तुमच्या लग्नात?"

सबीहानं टीव्हीवरच्या अब्बांकडे पाहिलं.

"मले नाई विचारलं त्याईनं," सबीहा म्हणाली. "आदल्या दिवशी आले, माह्यासमोर बसले, चहा प्याले अन् उठून गेले. विचारतील कसे? मांगं जे सुटून राहिलं होतं, तेच समोर बसलं होतं."

"मग वाजवलं काय?"

"एकच सूर. दुसऱ्या सुरावर गेलेच नाईत." तिनं तो गुणगुणून दाखवला.

ईशाननं तारेवर सूर शोधला आणि छेडला. खोलीभर तो घुमला, हलला, विरत चालला.

"लांब," सबीहा म्हणाली. "अजून लांब."