अर्थ कुठं दिलाय?

माझी धाकटी बहीण एखाद्या गोष्टीच्या मागे लागली की मला त्या गोष्टीची दया येते. घरात तिला सगळे खटपट म्हणतात, आणि ते नाव मीच ठेवलंय. त्यामुळे तिने बंद पडलेल्या बेकरीतला जुना ओव्हन टेम्पोत घालून घरी आणला तेव्हा मी कपाळाला हात लावला नाही. तो आधीपासून तिथंच होता.

कारण मात्र खरं होतं. आमचे बाबा जन्मभर वायरमन. आता डोळे अधू झालेत, माणूस समोर उभा राहिला तरी बोलल्याशिवाय कळत नाही. ते आणि खटपट वरच्या मजल्यावर राहतात. जिना अरुंद, भिंत राखाडी, आणि भिंतीला धरायला लावलेले लोखंडी दांडेही राखाडीच. मागच्या महिन्यात दांडा समजून बाबांनी नुसती भिंत चाचपली आणि घसरले. हाड मोडलं नाही, पण आमच्या दादानं फोनवरच निकाल देऊन टाकला: रविवारी येतो आणि त्यांना माझ्याकडं घेऊन जातो. दादा राहतो लांब, दुसऱ्या गावाला. बाबा म्हणाले, "तिथं पाणी प्यायचं तरी विचारून प्यावं लागेल."

खरं सांगते, मला दादाचंच पटत होतं. मी शिवणकाम करते, दोन गल्ल्या सोडून राहते. खटपट दिवसभर कामावर. मधल्या वेळात काही झालं तर कोणाच्या नावानं बोटं मोडायची? पण खटपटीनं एक गोष्ट हेरली होती. मी दारात आले की तोंड उघडायच्या आत बाबा म्हणायचे, "ताई आली." माझ्या गळ्यात पिवळी मोजपट्टी असते. बाकी सगळं धूसर झालं तरी पिवळा रंग त्यांना अजून दिसतो.

"मग डबा आण, ब्रश आण आणि फासून टाक पिवळा," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"फासला होता. बाबांच्या मुठीत त्याचे पोपडे निघाले. आता पावडर कोटिंग करायचं."

हे काय असतं ते तिनं मला समजावलं, मी न विचारता. रंग ओला नसतोच. कोरडी पूड असते, पिठासारखी. बंदुकीतून उडवताना तिला वीज देतात, मग ती लोखंडाला जाऊन बिलगते. नंतर ओव्हनमध्ये भाजायचं. पूड वितळते आणि अशी पक्की बसते की नखानं निघत नाही. मी म्हटलं, बाई गं, ओव्हनमध्ये पाव भाजतात. ती म्हणाली, या ओव्हनमध्ये आता पुन्हा कधीच नाही, आणि दारावर तसं ठळक अक्षरांत लिहूनही टाकलं.

मी चेष्टा करायला गेले होते, पण तिचं काम बघत बसले. दांडे भिंतीवरून काढून तिनं जुना रंग खरवडला, घासून घासून लोखंड उघडं पाडलं, मग थिनरनं पुसलं. त्यानंतर हातमोज्यांशिवाय कुणाला हात लावू दिला नाही. मी एक दांडा सहज उचलला तर माझ्या बोटांवर वसकन ओरडली. बोटांचं तेल लागलं की तिथं रंग धरत नाही म्हणे. तो दांडा तिनं पुन्हा पहिल्यापासून पुसला. माझ्याकडं कापड कापताना एवढी शिस्त असती तर मी आज कुठच्या कुठं असते.

आदल्या दिवशी तिनं नमुन्याला एक लोखंडी पट्टी करून बघितली होती, ती झकास जमली होती. म्हणून शनिवारी सकाळी तोंडाला मास्क, डोक्याला फडकं बांधून ती ऐटीत उभी राहिली. आडव्या गजाला हुक अडकवून त्याला दांडा टांगला. बंदूक चालू केली. पिवळी पूड उडाली, दांड्याला जेमतेम शिवली आणि खाली सांडली. पुन्हा मारली, पुन्हा तेच. दांडा कसाबसा पिवळट, फरशी मात्र हळदीनं माखल्यासारखी. तिनं बंदूक साफ केली, पूड बदलली, दाब कमीजास्त केला. दुपार झाली. तिचे डोळे भरून आले आणि ते पाहून माझी चेष्टा कुठल्या कुठं पळाली. उद्या दादा येणार होता.

आमचा आवाज बंद झाला म्हणून बाबा शेजारच्या खोलीतून चाचपडत दारापाशी आले. "काय झालं?"

"चिकटत नाही, बाबा."

"अर्थ कुठं दिलाय?"

हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. लोकांच्या घरी वायरिंग बघताना हाच, आणि लहानपणी आम्ही काही वेडंवाकडं बोललो तरी हाच. ही थट्टेची वेळ नव्हे असं मी म्हणणार होते, पण ते थट्टा करत नव्हते. विजेचं काम म्हटल्यावर अर्थिंग आधी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

"दिलाय ना. अर्थच्या वायरचा चिमटा गजाला लावलाय, गजाला हुक, हुकाला दांडा."

"आण इकडं."

खटपटीनं सगळं काढून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी गजावरून अंगठा फिरवला, मग हुकावरून. हुकाच्या वाकड्या भागावर अंगठा थांबला. "हा गुळगुळीत कसा? यालाही रंग दिलास?"

कालच्या पट्टीबरोबर तो हुकही ओव्हनमध्ये भाजून निघाला होता. त्याच्यावर रंगाचं पक्कं कातडं बसलं होतं, त्यातून वीज जाणार कुठून? डोळे धड असलेल्या आम्ही दोघी सकाळपासून त्या पिवळ्या हुकाकडं बघत होतो.

तिनं कानस घेतली, हुकाचा रंग उडवला, दांडा पुन्हा टांगला. या वेळी पूड उडाली ती सरळ दांड्याकडं ओढली गेली, मागच्या बाजूनंही वळसा घालून बसली. ओव्हनच्या काचेतून मी बघत होते. खडूसारखा कोरडा रंग हळूहळू ओलसर झाला, मग चकाकला. एवढं देखणं काही मी बरेच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी तिला तसं बोलून दाखवलं. आम्हां बहिणींत अशी पद्धत नाही, त्यामुळे ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली.

रविवारी दादा रिकामी बॅग घेऊन आला आणि जिन्याखालीच थांबला. "रंग दिला म्हणून माणसाला दिसायला लागतं का?" तो मला हळूच म्हणाला. मी वर बोट दाखवलं.

बाबा दारातून निघाले. पहिला दांडा धरला, मग दुसरा. कुठं चाचपणं नाही, हात सरळ पिवळ्यावर जात होता. खटपट एक पायरी मागे होती, पण तिनं हात लावला नाही. बाबा खाली पोचले, शेवटचा दांडा सोडला आणि दोन पावलं टाकून थेट दादाच्या अंगावर आपटले. दादा चूपच होता. बाबांनी त्याचा खांदा चाचपला, मग दंड, मग चेहरा.

"दादा होय," ते म्हणाले. "यालाही लाव गं पिवळा. दिसत नाही."

खटपट हसली. मी हसले नाही, कारण दादा रडत होता.

बॅग त्यानं रिकामीच परत नेली. जाताना खटपटीला म्हणाला, "माझ्या घरच्या जिन्यालाही करून देशील? येतील कधी चार दिवस." ती म्हणाली, हुक घासून ठेवते.

पुढच्या महिन्यात एका सकाळी मी बाबांजवळ बसून काजं करत होते. दार उघडं होतं. बाबा जिन्याकडं तोंड करून बसलेले. अजून पायांचा आवाज नाही, हाक नाही, काही नाही. बाबा एकदम ताठ झाले आणि म्हणाले, "दादा आला."

मी उठून खाली पाहिलं. पहिल्या पायरीवर दादा उभा होता, अंगात पिवळाधमक शर्ट घालून.