बैठकीतला दिवा

केडगावात धाकट्या भावाच्या, डॅनीच्या बैठकीत रूथने आपला दिवा ठेवला, त्याला आठवडा होत आला होता. नगरच्या एका छोट्या कंपनीत ती घरगुती उपकरणं घडवायची. दिव्याला जोडलेला मनगटावरचा पट्टा नाडी आणि कातडीचा ओलावा मोजायचा. मन शांत असलं की दिवा हिरवा, घालमेल झाली की लाल. घरच्यांना एकमेकांचं न बोललेलं कळावं, एवढाच तिचा हेतू. पट्टा घालायला भावजय मोनिका तयार झाली होती. सोमवारी कंपनीत डॅनी या घरचा अनुभव सांगणार होता, आणि त्यावरच दिवा बाजारात जायचा की नाही ते ठरणार होतं.

त्या संध्याकाळी घरच्या प्रार्थनेला रूथ थांबली. तिघांनी डोळे मिटले. डॅनीने घरासाठी मागितलं, कामासाठी मागितलं, मग जरा थांबून म्हणाला, "आणि प्रभू, या घरात कुणी काही लपवत असेल, तर ते उघडं कर."

रूथने डोळे उघडले. डॅनीचे आधीच उघडे होते. तो दिव्याकडे बघत होता, आणि दिवा लाल झाला होता.

मोनिका दुपारी दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी मुलाखत देऊन आली होती. हे फक्त रूथला ठाऊक होतं. मागच्या खेपेला तिने नोकरीचं काढलं, तेव्हा डॅनीने तिची प्रमाणपत्रं कपाटात घालून किल्ली खिशात ठेवली होती. मोठ्या मिनतवारीने ती परत मिळाली होती.

आमेन होताच डॅनी मोनिकाला म्हणाला, "बाहेर जायचं नाव काढलं की हा पेटतो. आज कुठं गेल्तीस?"

"बाजारात."

दिवा लालच.

"ताई, तुझं यंत्र खोटं बोलत न्हाई ना?"

रंग कोणते असावेत यावर रूथने महिनोन् महिने डोकं चालवलं होतं. ते बघायला समोर कोण बसेल, हे मनातच आलं नव्हतं.

तिने मोनिकाच्या हातातला पट्टा सोडवून स्वतःला बांधला.

"माझ्यावर बघ. मला काय लपवायचंय?"

दिवा विझल्यासारखा झाला, मग लालभडक. रूथने हात पदराखाली घेतला. "बिघडलाय. कुणालाही लालच दाखवतोय."

डॅनी हसला. "मग सोमवारी काय सांगू?"

"हेच सांग. फसला म्हणून."

मोनिका ताटं घ्यायला आत गेली. रूथने दिव्याची पिन उपटली. पट्टा मात्र तिने आपल्याच मनगटावर राहू दिला.