नानांचं म्हणणं

"ते कप म्हणायलेत," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

वाचा-उपचार करणाऱ्या दीपमाला मॅडमनी हातातलं चित्र टेबलावर उपडं ठेवलं. "मावशी, मी काकांना विचारलंय. त्यांना जरा वेळ द्या."

"दिला की. त्यांच्या मनात कपच हाय. मला कळतंय."

रुक्मिणीबाईंचे यजमान चिमाजी खुर्चीत उजवीकडे कलून बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणीतरी आणून ठेवल्यासारखा. त्यांचे ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. कपाळावर घाम आला. एवढ्या खटाटोपानंतर शब्द आला तो एकच.

"बरोबर."

आणि त्यांनी स्वतःच मान हलवली. हवा होता तो शब्द हा नव्हे, हे त्यांना कळत होतं. सगळ्यात वाईट तेच आहे, असं शेजारी बसलेल्या त्यांच्या मुलीला, वर्षालीला वाटलं.

दिवाळीनंतर एका सकाळी दाढी करता करता त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. पाय हळूहळू सावरला, हात अर्धामुर्धा राहिला, पण बोलणं गेलं ते गेलंच. समोरच्याचं सगळं समजत होतं. आतून बाहेर मात्र काही येत नव्हतं. आला तर एवढाच शब्द, 'बरोबर'. भूक लागली तरी बरोबर, औषध नको असलं तरी बरोबर.

ज्यांनी चिमाजींना, सगळ्यांच्या नानांना, पूर्वी ऐकलं होतं त्यांना हे बघवत नसे. अंबाजोगाईकडून विशीत आलेला हा माणूस भोसरीतल्या फोर्जिंग कंपनीत, तापलं लोखंड ठोकणाऱ्या हॅमरवर तीस-बत्तीस वर्षं राबला. हॅमरच्या दणक्यात ऐकू जायचं तर ओरडूनच बोलावं लागे, ती सवय घरीही आली. चिखलीच्या त्यांच्या गल्लीत नाना भाजीवाल्याशी बोलत असले तर चौथ्या घरातल्या बाईला कोथिंबिरीचा भाव कळे. युनियनच्या गेट मीटिंगला ते माइक घेत नसत. भाषण संपता संपता हात वर करून विचारत, "बरोबर?" आणि शे-दोनशे माणसं उत्तर देत, "बरोबर!" मेंदूच्या कुठल्याशा कोपऱ्यात तेवढाच शब्द तगला असावा.

रुक्मिणीबाईंचं उलट. लग्न होऊन इथं आल्यापासून त्यांच्या वतीनं नानाच बोलत आले. डॉक्टरांना त्यांचं दुखणं नाना सांगणार, दुकानात साडीचा रंग नाना सांगणार. पाहुण्यांनी "वहिनी, कशा आहात?" विचारलं तरी "एकदम मजेत!" हे नानाच म्हणणार. आणि आता त्या नानांच्या वतीनं बोलायला लागल्या होत्या. ते भात नको म्हणायलेत. ते पंखा बंद करा म्हणायलेत. त्यांना तुमचं पटलं न्हाई. कधी कधी वर्षालीला शंका येई, की यातलं नानांचं किती आणि आईचं किती?

वर्षाली चौतीस वर्षांची. बी.एस्सी. करून चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला लागली होती. मधे लग्न झालं, ते टिकलं नाही, ती आईवडिलांकडे परत आली आणि कंपनीची बस तेवढी चुकली नाही. भाग हातात घ्यायचा, माप तपासायचं गेज लावायचं, पास किंवा रिजेक्ट. काम वाईट नव्हतं. पण घरी येऊन तिला नवऱ्याबद्दल, कंपनीबद्दल, स्वतःबद्दल काही सांगावंसं वाटलंय, असं कधी झालं नव्हतं. नाना एकटेच तिच्या वाटचंही बोलत असत.

नानांना महापालिकेच्या रुग्णालयात वाचा-उपचारासाठी न्यायचं त्या दिवसांपुरती तिनं दुपारची दुसरी शिफ्ट मागून घेतली होती. त्या दिवशी दीपमाला मॅडमनी तिला विचारलं, "काका पूर्वी गाणं वगैरे म्हणायचे?"

"नाही हो. घोषणा द्यायचे."

"मग द्या एक. अर्धीच. पुढचं सोडून द्या."

वर्षालीला लाजल्यासारखं झालं. दहा बाय दहाची खोली, बाहेर बाकावर रांग. तिनं हळूच म्हटलं, "कामगार एकजुटीचा…"

"विजय असो!"

खोली हादरली. बाहेरच्या बाकावरची दोन माणसं डोकावली. चिमाजी आधी स्वतःच दचकले. मग हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रुक्मिणीबाईंनी पदर तोंडाशी धरला. काही क्षण तरी त्यांना नवऱ्याच्या वतीनं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"हे पाठ असलेलं येतं," दीपमाला मॅडम नंतर व्हरांड्यात म्हणाल्या. "याचा अर्थ मनातलं यायला लागलं असा नाही. पण एक फट सापडली. आता तिथून आत शिरायचं."

वर्षालीनं जे विचारलं ते विचारायचं तिनं ठरवलेलं नव्हतं. "मॅडम, हे शिकायला काय करावं लागतं? माझं बी.एस्सी. झालंय. मास्टर्सला घेतील?"

"नाही घेत. मास्टर्सला याच विषयातली पदवी लागते. तुम्हाला पहिल्यापासून करावं लागेल. चार वर्षं, मग हवं तर मास्टर्स." मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "वर्गात सगळी अठरा वर्षांची पोरं असतील. तुम्हाला 'मॅडम' म्हणून हाक मारतील आणि डबा खायला बोलावणार नाहीत."

"कंपनीत तरी कोण बोलावतंय," वर्षाली म्हणाली.

तिनं पुण्याच्या एका कॉलेजात अर्ज केला. प्रवेश परीक्षेसाठी बारावीची जीवशास्त्राची पुस्तकं पुन्हा आणली. कंपनीच्या बसमध्ये सगळे माना टाकून झोपलेले असत, आणि तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये ही मेंदूच्या आकृत्या बघत बसे. डाव्या बाजूला बोलण्याचं केंद्र. पुस्तकात तो भाग गुलाबी रंगवलेला होता, आणि त्या गुलाबीवर बोट ठेवलं की तिला नानांचं केस विरळ झालेलं डोकं आठवे.

परीक्षा झाली, मुलाखतीला बोलावणं आलं. तेव्हा तिनं घरी सांगितलं. नाना जेवत होते, डाव्या हातानं.

"नाना, मी नोकरी सोडून परत शिकायचं म्हणतेय. दीपमाला मॅडम करतात ते. वरची खोली भाड्यानं देऊ, शनिवार-रविवार क्लास घेईन मी. भागेल आपलं."

चिमाजींच्या हातातला घास खाली आला. त्यांनी तिचं मनगट धरलं. घट्ट. ओठ हलायला लागले. "ब… त… त…"

"नको म्हणायलेत," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"आई, थांब ना."

"अगं, हातातली नोकरी सोडून ह्या वयात कुठं कॉलेजात जातीस? नकोच म्हणायलेत ते."

"त… तू…" नानांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"तूच बघ, 'तू नको' म्हणायलेत."

नानांनी ताटावर हात मारला. आमटी सतरंजीवर सांडली. रुक्मिणीबाई फडकं आणायला उठल्या आणि तेवढ्यात वर्षालीनं मॅडमनी शिकवलं होतं तसं केलं. समोर बसली, सावकाश विचारलं. "नाना, मी जाऊ?"

"बरोबर."

"नको जाऊ?"

चिमाजींनी डोळे मिटले. बराच वेळ ओठ हलत राहिले, मग तोच शब्द थकून बाहेर पडला. "बरोबर."

त्यानंतर त्यांनी कितीदा तरी प्रयत्न केला. ती चप्पल घालायला लागली की हात वर करत, ती थांबे, ते "त… तू…" पर्यंत येत आणि अडकत. ती खाली बसून वाट पाही. कंपनीची बस हॉर्न देई. "संध्याकाळी सांगा हं नाना," म्हणून ती निघे. संध्याकाळी ते थकलेले असत.

मुलाखतीच्या आधीच्या पंधरवड्यात त्यांना दुसरा झटका आला. दुपारची वेळ होती, वर्षाली चाकणला. मोबाइल लॉकरमध्ये, त्यामुळे निरोप सुपरवायझरकडून आला. ती रुग्णालयात पोचली तेव्हा नानांच्या तोंडात नळी होती. ती त्यांच्या कानाशी वाकली. काही न सुचून तिनं हळूच म्हटलं, "कामगार एकजुटीचा…"

काहीच आलं नाही. पलीकडच्या कॉटवरच्या बाईनं तिच्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नाना गेले.

भोसरीहून जुनी माणसं आली. पांढऱ्या केसांची, कानानं अधू झालेली, मोठमोठ्यानं बोलणारी. गल्लीत त्यांनी नानांच्या नावानं घोषणा दिली आणि खांदा दिला. रुक्मिणीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. भेटायला येणारे विचारत, "कसं झालं? त्रास झाला का?" त्या तोंड उघडत, मिटत. सगळे म्हणाले, धक्का बसलाय बाईला. वर्षालीला वाटलं, आईला आता कुणाच्या वतीनं बोलायचं तेच कळत नसावं.

तेरावा झाला. दुसऱ्या दिवशी मुलाखत होती. वर्षालीनं रात्रीची भांडी विसळायला घेतली आणि पाठमोरीच म्हणाली, "मी नाही जात उद्या. सोमवारपासून कामावर हजर होते."

"ते…" रुक्मिणीबाईंनी सुरुवात केली आणि थांबल्या.

नळाचं पाणी वाहत राहिलं.

"त्या दिशी मीच नको म्हणलं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांना काय म्हणायचं होतं ते मला बी कळलं न्हाई. तू दिवसभर कॉलेजात, हे असे. मला एकलीला भ्या वाटायलं होतं."

वर्षालीनं नळ बंद केला. तिला राग यायला हवा होता. नाना मनगट धरून बसले होते ती संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि सतरंजी पुसणारी आईही आली. राग कुणावर धरायचा तेच तिला समजेना.

"मंग जाऊ का?" तिनं विचारलं. लहानपणी घरात बोलायची तसं तिच्या तोंडून आलं.

"जा. मी सांगायलेय."

मुलाखत घ्यायला तिघं होते. मधल्या वयस्कर प्राध्यापक बाईंच्या स्वतःच्या कानाला यंत्र होतं. गुण पाहून झाले, मेंदूबद्दल दोन प्रश्न झाले. मग त्यांनी विचारलं, "नोकरी सोडून या क्षेत्रात का?"

वर्षालीनं आरशासमोर उत्तर तयार केलं होतं. ते आलं नाही. तिनं नानांचं सांगितलं.

"आणि तुमच्या शिकण्याबद्दल त्यांचं काय म्हणणं होतं?"

"जाऊ का विचारलं तरी 'बरोबर' म्हणाले. नको जाऊ विचारलं तरी 'बरोबर'."

पलीकडचे तरुण सर हसले आणि लगेच समोरचे कागद चाळायला लागले.

"आता ते नाहीत," बाई म्हणाल्या. आवाजात कठोरपणा नव्हता. "त्यांच्यासाठी म्हणून येत असाल, तर उशीर झालाय. आणि एक सांगते. आमच्याकडे येणारे सगळेच बोलायला लागत नाहीत. कितीतरी जण सांगायचं ते मनात घेऊनच जातात. ते रोज बघावं लागेल. जमेल?"

वर्षालीनं विचार केला. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण ते एकदा मी घरी बघितलंय. तेव्हा मला काहीच करता येत नव्हतं. निदान समोर कसं बसायचं एवढं तरी शिकायचंय."

बाईंनी कानातलं यंत्र बोटानं जरासं दाबलं आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं.

पहिल्या यादीत तिचं नाव नव्हतं. दुसऱ्या यादीत आलं. कंपनीत शेवटच्या दिवशी लाइनवरच्या बायकांनी केक कापला. "तू आमची डॉक्टर का आता?" एकीनं विचारलं, आणि वर्षालीनं ते दुरुस्त केलं नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी रुक्मिणीबाई तिच्याबरोबर चौकापर्यंत आल्या. न बोलावता. कशाला येतेस म्हटलं तर म्हणाल्या, "घरात बसून तरी काय करू." स्टॉपवर गर्दी होती. समोरून चाकणची कंपनीची बस गेली, खिडकीतून कुणीतरी वर्षालीला हात केला. मग पुण्याची बस आली ती स्टॉपच्या पुढंच जाऊन थांबली. माणसं धावली. वर्षालीची ओढणी कुणाच्या तरी पिशवीत अडकली, ती सोडवेपर्यंत घंटी वाजली आणि बस हलली.

"ओ कंडक्टर!"

एवढ्या मोठ्या आवाजात कोण ओरडलं म्हणून माणसांनी मागं वळून पाहिलं. वर्षालीनंही पाहिलं.

"थांबवा वो गाडी! माझी लेक चढायची हाय!"

बस थांबली. कंडक्टरनं दार धरलं, "चला, चला," म्हणाला. वर्षाली आत चढली आणि रेटारेटीतून खिडकीशी पोचली. रुक्मिणीबाई स्टॉपवर तशाच उभ्या होत्या, हात वर. बस सुटल्यावर त्यांनी तो खाली घेतला, डोक्यावरचा पदर नीट केला आणि घराकडे वळल्या. चालता चालता त्यांचे ओठ हलत होते. एकट्याच काहीतरी बोलत होत्या. काचेच्या आतून ते ऐकू येत नव्हतं.